बाटली ओतली तर झिजलेलं इंजिन बरं होतं का?



गेल्या महिन्यात शहापूरकडच्या एका गटाच्या बैठकीला गेले होते. हजेरी झाली, बचत जमा झाली, हप्ते झाले आणि कर्जमागणीचा विषय निघाला. एका ताईंनी टेम्पोच्या इंजिनकामासाठी ३०,००० रुपयांचा अर्ज दिला होता. टेम्पो ११ वर्षांचा, दोन सिलिंडरचा, डिझेलचा. गटातल्या सात-आठ घरांची भाजी दर शनिवारी त्याच टेम्पोतून ठाण्याला वर्तकनगरला जाते. पावसाळ्यात रानभाज्या जातात, त्यावर तर बऱ्याच घरांचं चातुर्मासातलं मीठ-मिरचीचं भागतं. आता टेम्पो निळा धूर सोडतो, चढावर दम टाकतो आणि आठवड्याला लिटरभर ऑइल पितो.

अर्ज वाचून होतो न होतो तोच दुसऱ्या ताई म्हणाल्या, "अगं, तीस हजार कशाला घालवता? माझ्या भाच्याने वर्तकनगरच्या दुकानातून ७०० रुपयांची बाटली आणली होती. ऑइलमध्ये ओतायची. धूर बंद, गाडी नव्यासारखी."

झालं, बैठकीचे दोन भाग झाले. निम्म्या म्हणाल्या बाटली आणा, निम्म्या म्हणाल्या कर्ज द्या. आणि मग सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. "मॅडम, तुम्ही शिकलेल्या, तुम्ही सांगा."

मी शिकले समाजकार्य, इंजिन नाही. त्यामुळे तिथे उत्तर दिलं नाही. पण पैसा गटाचा होता, म्हणजे तुमचा घामाचा होता. म्हणून पुढच्या शनिवारी भाजी उतरवून झाल्यावर त्या ताई, त्यांचे मालक आणि मी, असे तिघं टेम्पो घेऊन वर्तकनगरमधल्या एका गॅरेजमध्ये गेलो. तिथल्या मिस्त्रीकाकांच्या टेबलावर दुसऱ्या गाडीचं इंजिन खोलून ठेवलेलं होतं. त्यांनी दोन तास दिले. त्यांनी दाखवलं ते आणि नंतर मी वाचलं ते, सगळं इथे सोपं करून लिहिते आहे. कारण हा प्रश्न एका गटाचा नाही. आपल्या संघातल्या कितीतरी घरांत टेम्पो, रिक्षा, व्हॅन आहे आणि त्याचं कर्ज ताईंच्या सहीवर आहे.

इंजिन झिजतं म्हणजे नेमकं काय होतं?

इंजिनात एक लोखंडी नळी असते, तिला सिलिंडर म्हणतात. तिच्यात पिस्टन वर-खाली होतो. उखळात मुसळ चालतं तसा. फरक एवढाच की इंजिनाचे फेरे मिनिटाला ३,००० झाले तर पिस्टन एका सेकंदात ५० वेळा वर आणि ५० वेळा खाली जातो.

पिस्टन आणि नळी यांच्यात फट ठेवावी लागते, नाहीतर पिस्टन अडकेल. पण ही फट फार बारीक असते, आपल्या डोक्याच्या केसापेक्षाही कमी. आणि ती फट बंद ठेवायचं काम करतात पिस्टनभोवतीच्या रिंगा. कुकरच्या झाकणाची रबरी रिंग आठवा. रिंग चांगली असेल तर वाफ आत राहते, शिट्टी होते. रिंग सैल झाली की कडेने फुसफुस होते आणि डाळ शिजता शिजत नाही. इंजिनाचंही तसंच. डिझेल इंजिनात हवा साधारण वीस पट दाबली जाते, त्या दाबानेच ती इतकी तापते की डिझेल पेट घेतं. रिंगा झिजल्या, नळी झिजली, की दाब कडेने निसटतो. ताकद कमी होते. आणि उलट्या बाजूने खालचं ऑइल वर चढून जळायला लागतं. तोच तो निळा धूर.

मिस्त्रीकाकांनी टेबलावरच्या इंजिनाच्या नळीत मला बोट घालायला सांगितलं. "नख फिरवा वरपासून." वरच्या टोकाजवळ नख अडकलं. तिथे एक बारीक पायरी झाली होती. "रिंग जिथवर जाते तिथवर लोखंड खाल्लं गेलं. त्याच्या वर रिंग पोचत नाही, तिथे जुनं लोखंड तसंच उभं आहे. हीच झीज."

मी विचारलं, "काका, हे बाटलीने भरून येईल का?"

ते हसले. "गेलेलं लोखंड बाटलीत कुठून येणार, बाई?"

ताईंनो, उत्तराचा गाभा हाच आहे. जुनं जातं आठवा. दळून दळून गुळगुळीत झालं की पीठ भरड पडतं. मग त्याला तेल चोळून उपयोग नसतो, टाकी लावून घ्यावी लागते. इंजिनालाही तसंच. नळी पुन्हा कातून घ्यायची, त्याला बोअर करणं म्हणतात. मग तिच्या मापाचा थोडा मोठा पिस्टन आणि नव्या रिंगा बसवायच्या, किंवा नळीच्या आतलं लायनर बदलायचं. दुसरा रस्ता नाही.

मग बाटलीत असतं तरी काय?

आधी एक गोष्ट समजून घेऊ. आपण गाडीत घालतो ते इंजिन ऑइल म्हणजे नुसतं तेल नसतं. त्यात साधारण दहा ते पंचवीस टक्के भाग निरनिराळ्या रसायनांचा असतो. मळ धुणारं, मळ तरंगत ठेवणारं, झीज कमी करणारं, गंज रोखणारं, फेस न येऊ देणारं. कंपनी हे सगळं मोजून-मापून, चाचण्या करून मिसळते. म्हणजे चांगल्या ऑइलमध्ये मसाला आधीच घातलेला असतो. वरून बाटली ओतणं म्हणजे तयार आमटीत कोणीतरी परत मूठभर मसाला टाकणं. चव सुधारेलच असं नाही.

बाजारात ज्या बाटल्या मिळतात त्यांचे ढोबळ चार प्रकार आहेत.

पहिला, ऑइल दाट करणाऱ्या. यात मधासारखा चिकट द्रव असतो. वरण पातळ झालं की आपण पीठ लावतो, तसं हे. दाट ऑइल फटीतून कमी चढतं, म्हणून धूर कमी दिसतो, आवाजही दबतो. पण पीठ लावल्याने वरणात डाळ वाढत नाही आणि ऑइल दाट केल्याने लोखंड वाढत नाही. शिवाय थंडीत सकाळी दाट ऑइल वरपर्यंत पोचायला वेळ लागतो आणि तेवढा वेळ वरचे भाग कोरडे घासतात.

दुसरा, आतली मळी धुणाऱ्या. ऑइल बदलण्याआधी ओतून इंजिन थोडा वेळ चालवतात आणि मग सगळं काढून टाकतात.

तिसरा, घर्षण कमी करणाऱ्या. यात टेफ्लॉन, मॉलिब्डेनम, ग्राफाइट असलं काही असतं. "लोखंडावर थर बसतो, झीज भरून निघते" असा दावा बहुधा यांच्यावर छापलेला असतो.

चौथा, कडक झालेली रबरी सील मऊ करून फुगवणाऱ्या. यांनी गळती थोडी कमी होते.

मग भाच्याची गाडी बरी कशी झाली?

त्या ताई खोटं बोलत नव्हत्या. धूर खरंच कमी झाला असणार. पण बाटली ओतताना बहुतेक लोक दोन-तीन कामं एकदम करतात. जुनं ऑइल काढून नवं घालतात, फिल्टर बदलतात आणि त्यावर बाटली ओततात. गाडी सुधारते ती बऱ्याचदा नव्या ऑइलने आणि फिल्टरने, नाव होतं बाटलीचं. तापाला औषध आणि अंगारा दोन्ही दिले आणि ताप उतरला, की श्रेय अंगाऱ्याला, तसंच.

दुसरं कारण वर सांगितलंच, ऑइल दाट होतं. पण ते दाटपण टिकत नाही. गरम होऊन, चिरडून ते पुन्हा पातळ होतं आणि धूर परत येतो.

हा प्रश्न फक्त आपल्याकडचा नाही. अमेरिकेत अशा बाटल्यांच्या जाहिराती टीव्हीवर जोरात चालायच्या. तिथे ग्राहकांची फसवणूक रोखणारं सरकारी मंडळ आहे, फेडरल ट्रेड कमिशन. त्याने १९९६ मध्ये 'स्लिक ५०' या प्रसिद्ध बाटलीच्या कंपन्यांवर कारवाई सुरू केली. झीज कमी होते, इंजिन जास्त टिकतं या दाव्यांना पुरेसा पुरावा नाही, असं मंडळाचं म्हणणं होतं. १९९७ मध्ये कंपन्यांनी तडजोड केली आणि पुराव्याशिवाय असे दावे करायचे नाहीत हे बंधन त्यांच्यावर आलं. 'झी-मॅक्स' नावाच्या दुसऱ्या बाटलीवर २००१ मध्ये खटला झाला. तिथे तर मंडळाने सांगितलं की एका चाचणीत बाटली घातलेल्या ऑइलने बेअरिंग साध्या ऑइलच्या दुपटीहून जास्त गंजले होते. २००३ मध्ये ते प्रकरण मिटलं आणि कंपनीला ग्राहकांना परत देण्यासाठी १० लाख डॉलर काढावे लागले. शिकल्या-सवरलेल्या, पैसेवाल्या लोकांनी लाखोंनी बाटल्या घेतल्या होत्या. म्हणून आपल्यातल्या कोणी घेतली असेल तर लाज वाटून घेऊ नका.

बाटलीचा खरा उपयोग कधी होतो?

सगळंच खोटं म्हणणंही बरोबर नाही. मिस्त्रीकाकांनी तीन ठिकाणं सांगितली.

एक, रिंगा झिजलेल्या नसतील, फक्त काजळीने खाचेत चिकटून बसल्या असतील, तर धुणाऱ्या बाटलीने त्या मोकळ्या होऊ शकतात. तेव्हा फरक खरा पडतो, कारण आजार झिजेचा नव्हता, मळाचा होता. पण फार जुन्या, कधीच ऑइल न बदललेल्या इंजिनात हेच उलटं पडतं. मळीचे तुकडे सुटतात, ऑइल ओढणाऱ्या जाळीत अडकतात आणि वर ऑइल जाणं बंद होतं.

दोन, सील कडक झालं असेल तर सील मऊ करणाऱ्या बाटलीने काही महिने निघतात. कायमचा इलाज मात्र सील बदलणं.

तीन, गाडी भंगारातच जायची आहे, फक्त हा हंगाम काढायचा आहे, तर दाट ऑइलवर काढतात. पण हे माहीत असून करायचं, "इंजिन बरं झालं" असं समजून नाही.

आणि कुठे अजिबात ओतायची नाही तेही ऐका. मोटारसायकलमध्ये क्लच इंजिनच्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो. तिथे घर्षण कमी करणारी बाटली ओतली की क्लच घसरायला लागतो. इंजिन नुसतं ओरडतं, गाडी पळत नाही. नव्या बीएस-६ डिझेल गाड्यांत धूर गाळणारी जाळी असते, चुकीच्या रसायनाच्या राखेने ती बुजते आणि तिचा खर्च मोठा असतो. गाडी वॉरंटीत असेल तर गाडीचं पुस्तक आधी वाचा. बऱ्याच पुस्तकांत वेगळं काही मिसळू नका असं स्पष्ट छापलेलं असतं.

बाटलीपेक्षा मोठा धोका

गेल्या वर्षी मुरबाडकडच्या एका गटात घडलं ते सांगते. तिथल्या ताईंच्या टेम्पोलाही निळा धूर होता. बाटली ओतली. तीन आठवडे धूर कमी. घरात सगळ्यांना वाटलं, सुटलो. मग कोणी ऑइलची पट्टी काढून बघितलीच नाही. ऑइल जळत होतंच, पातळी खाली जात होती. एक दिवस महामार्गावर पडघ्याजवळ डॅशबोर्डवरचा ऑइलचा लाल दिवा लागला. मालक म्हणाले, पुढच्या पंपापर्यंत जाऊ. तेवढ्यात इंजिन जाम झालं. बेअरिंग वितळले, क्रँकवर ओरखडे पडले. जे काम ३०,००० मध्ये झालं असतं ते ५५,००० वर गेलं आणि दीड महिना टेम्पो दारात उभा राहिला. त्या दीड महिन्याचे गटाचे हप्ते त्या ताईंनी शेळी विकून भरले.

बाटलीने इंजिन मोडलं का? नाही. बाटलीने धूर झाकला आणि धूर दिसेना म्हणून आपण बघणं सोडलं. ताप उतरवायची गोळी घेऊन कामाला जावं आणि आतला टायफॉइड वाढत राहावा, तसं झालं.

म्हणून ही गोष्ट घरात सगळ्यांना सांगून ठेवा. ऑइलचा लाल दिवा लागला की गाडी बाजूला घ्यायची आणि इंजिन तिथेच बंद करायचं. एक किलोमीटरसुद्धा पुढे नाही.

आजार ओळखायचा कसा?

यातलं बरंचसं तुम्ही स्वतः बघू शकता, मिस्त्री लागत नाही.

धुराचा रंग बघा. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतं. काळा धूर म्हणजे डिझेल नीट जळत नाही. तेव्हा एअर फिल्टर, नोझल, पंप तपासायचा, इंजिन खोलायची घाई नको. दाट पांढरा धूर थांबतच नसेल आणि रेडिएटरचं पाणी कमी होत असेल तर हेड गॅस्केट गेलेलं असू शकतं.

धूर कधी येतो ते बघा. सकाळी चालू करताना एकदाच भपकारा येऊन थांबत असेल, किंवा उतार संपवून परत ॲक्सिलरेटर दाबल्यावर येत असेल, तर बऱ्याचदा व्हॉल्व्हची सील गेलेली असतात. ते काम स्वस्तातलं. चढावर, वजन असताना सतत निळा धूर येत असेल तर रिंगांचा संशय.

ऑइलची पट्टी बघा. गाडी सपाट जागी, इंजिन बंद करून दहा मिनिटांनी. पट्टी पुसा, परत घाला, मग वाचा. दोन खुणांच्या मध्ये ऑइल हवं. वरच्या खुणेच्या वर भरणंही वाईट, फेस होतो. भरलेल्या ऑइलवर बाटली ओतली की नेमकं हेच होतं. डिझेल गाडीचं ऑइल लवकर काळं होतं, त्याला घाबरू नका. पण ऑइल ताकासारखं पांढरट दिसलं तर पाणी मिसळलंय. बोटावर चमचम दिसली तर आतलं धातू खरवडतंय. दोन्हीला बाटली हा इलाज नाही.

ऑइल भरायच्या तोंडाचं झाकण बघा. इंजिन चालू असताना जपून काढायचं. आतून थोडी हवा येणारच. पण धूर फकफक बाहेर पडत असेल तर दाब रिंगांवरून खाली येतोय.

आणि शेवटची तपासणी मिस्त्रीकडून करून घ्यायची, कॉम्प्रेशन गेजने. प्रत्येक सिलिंडरचा दाब वेगळा मोजतात. आकडे कागदावर लिहून मागा. गाडीच्या पुस्तकात किती असायला हवा ते दिलेलं असतं.

आपल्या टेम्पोचं काय निघालं?

मिस्त्रीकाकांनी गेज लावलं. एका सिलिंडरचा दाब ४०० आला, दुसऱ्याचा २६०. एवढा फरक म्हणजे दुसरा सिलिंडर गेलेला. झाकण काढल्यावर धूर फकफक येत होता. एअर फिल्टर काढला तर आत लाल माती बसलेली. काका म्हणाले, "झिजेचं कारण हे. कच्च्या रस्त्याची धूळ आत गेली की ती पॉलिश पेपरसारखी नळी घासते." फिल्टर काहीशे रुपयांचा. तो वेळेवर बदलला नाही म्हणून तीस हजारांचं काम निघालं. हे ऐकून मालक गप्प झाले.

म्हणजे इथे बाटलीने काही होणार नव्हतं. काम करणंच भाग होतं.

पण दर वेळी उत्तर तेच नसतं. त्याच आठवड्यात कल्याणकडच्या एका गटातल्या ताई आल्या. त्यांची सीएनजी व्हॅन, शाळेच्या मुलांची. त्यांच्या गावच्या गॅरेजवाल्याने निळा धूर बघून सरळ ३५,००० सांगितले होते. त्यांना म्हटलं, आधी गेज लावून या. दाब दोन्ही-तिन्ही सिलिंडरचा चांगला निघाला. सकाळचा भपकारा व्हॉल्व्ह सीलचा होता. ४,५०० मध्ये काम झालं. म्हणजे बाटली घेतली असती तरी चूक आणि ३५,००० दिले असते तरी चूक.

कर्जाचा हिशोब

टेम्पोवाल्या ताईंच्या गटाने बैठकीत हिशोब मांडला तो तुमच्यासाठी देते. कर्ज ३०,०००, महिना १ टक्का, उरलेल्या मुद्दलावर, १२ हप्ते. मुद्दल दर महिन्याला २,५००. पहिल्या महिन्याचं व्याज ३००, म्हणून पहिला हप्ता २,८००. शेवटच्या महिन्याचं व्याज फक्त २५. वर्षाचं एकूण व्याज १,९५०. तेही आपल्याच गटात राहतं.

आता दुसरी बाजू. टेम्पो महिन्याला चार लिटर ऑइल जाळत होता. ३५० रुपयांनी १,४०० रुपये. ते वाचणार. म्हणजे हप्त्याचा निम्मा भार त्यातूनच निघाला. डिझेल वाचेल, शनिवार बुडणार नाही, ते वेगळंच.

गटाने आणखी एक प्रश्न विचारला, तो मला फार आवडला. "इंजिन होईल, पण टेम्पोचा सांगाडा तेवढा टिकणार आहे का?" चेसीस कुजली असेल, फिटनेस मिळणार नसेल, तर इंजिनात पैसे घालणं म्हणजे पडक्या घराला नवं दार. धंद्याच्या गाडीला आठ वर्षांनंतर दरवर्षी फिटनेस काढावी लागते, तो कागद बघितला. चालू होता. चेसीस ठीक होती. मग कर्ज मंजूर झालं.

गटांसाठी सूचना

गाडीच्या दुरुस्तीसाठी कर्जमागणी आली तर या गोष्टी ठरावात लिहून घ्या असं मी सुचवते.

१. अर्जासोबत तपासणीची चिठ्ठी हवी. सिलिंडरचा दाब आकड्यात, कोणते भाग बदलणार त्यांची नावं आणि मजुरी वेगळी.

२. शक्य असेल तर दोन गॅरेजचे अंदाज घ्या. नुसतं "इंजिन काम" असं लिहिलेलं चालणार नाही.

३. बदललेले जुने भाग परत मागा. जुन्या रिंगा, बेअरिंग घरी आणा. काम झालं याचा तोच पुरावा.

४. पक्कं बिल घ्या. बिलावर ऑइलचा प्रकार लिहून घ्या आणि पुस्तकात सांगितलेलाच वापरा.

५. ऑइलची पट्टी आठवड्यातून एकदा ताईंनी स्वतः बघायची. ऑइल आणि एअर फिल्टर बदलल्याची तारीख हप्त्याच्या वहीतच मागच्या पानावर लिहायची.

६. जुनी गाडी विकत घ्यायला कर्ज मागितलं असेल तर गाडी सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना बघायची. विकणाऱ्याने आधीच गरम करून ठेवली असेल तर परत दुसऱ्या दिवशी जायचं. धूर झाकायला विकण्याआधी दाट बाटली ओतण्याची युक्ती जुनी आहे. पट्टीवरचं ऑइल मधासारखं चिकट लागलं तर सावध व्हा.

आणि कोणी खोटा दावा करून बाटली किंवा काम गळ्यात मारलं असेल तर गप्प बसू नका. बिल, बाटली आणि तिच्यावरचा छापील दावा जपून ठेवा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते, दोन वर्षांच्या आत. घेतलेल्या वस्तूची किंवा कामाची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही.

शेवटी एक

गॅरेजमध्ये मी एक गोष्ट बघितली. मिस्त्रीकाका सुरुवातीला सगळं मालकांकडे बघून बोलत होते. ताई मागे उभ्या. मग ताईंनी विचारलं, "दादा, तो आकडा किती आला? मला लिहून द्या, गटात दाखवायचाय." त्यानंतर काका त्यांच्याकडे बघून बोलायला लागले. नळीत बोट घालून ती पायरी त्यांनी ताईंनाही दाखवली.

गाडी मालकांच्या हातात असते, पण कर्ज आपल्या नावावर असतं आणि हप्ता आपण भरतो. मग इंजिन कसं झिजलं हे विचारायचा हक्कही आपलाच आहे. "बायकांना गाडीतलं काय कळतं" असं कोणी म्हटलं तर त्यांना पट्टी काढून ऑइल दाखवा.

टेम्पोचं काम आता झालं आहे. धूर नाही. गेल्या शनिवारी टाकळा आणि कुर्डू घेऊन तो वर्तकनगरला गेला आणि संध्याकाळी वेळेत परत आला. बाटलीवाल्या ताई त्याच टेम्पोत होत्या. उतरताना मला म्हणाल्या, "मॅडम, भाच्याला फोन केला. म्हटलं, आधी पट्टी बघ."